गोटीला हात लावायचा नाही

[दृश्य: लाकडी पेटी, तिच्या दोन बाजूंना दोन खुंट्या. पोलादी गोळी भोकाच्या काठावर थबकते आणि आत पडते.]

निवेदन:
स्वीडनच्या ब्रियो कंपनीचा हा चक्रव्यूहाचा खेळ 1946 चा. एक खुंटी फिरवली की फळी डावी-उजवीकडे कलते, दुसरी फिरवली की पुढे-मागे. गोळीला हात लावायचा नाही. सुपात धान्य घोळवताना आपण दाण्याला कुठे हात लावतो? हलतं ते सूप.

[दृश्य: आर्केड मशीन. तळव्याखाली गरगर फिरणारा ट्रॅकबॉल.]

1984. अटारी या गेम कंपनीचा 'मार्बल मॅडनेस'. बनवणारा मार्क सर्नी, सतराव्या वर्षी अटारीत रुजू झालेला पोरगा. हाच पुढे प्लेस्टेशन 4 आणि 5 च्या रचनेचा प्रमुख झाला. त्याच्या खेळात फळी जागची हलत नाही. ट्रॅकबॉल फिरवून गोटीच पळवायची, आणि मागे घड्याळ लागलेलं.

हा खेळ निन्टेन्डोच्या एनईएस कन्सोलवर घरी आला तेव्हा पंचाईत झाली. पडद्यावरचे रस्ते तिरके, हातातलं बटण मात्र चारच दिशांचं. म्हणून खेळ सुरुवातीलाच विचारायचा: 90 अंश की 45? 45 निवडलं, तर कंट्रोलरच हातात तिरका धरायचा. इंजिनिअरिंग म्हणा, नाहीतर जुगाड म्हणा!

2001 साली सेगाच्या 'सुपर मंकी बॉल'ने निन्टेन्डोच्या गेमक्यूब कन्सोलवर जमीन कलंडवायला लावली, पण कंट्रोलरवरच्या, अंगठ्याखालच्या काडीने.

[दृश्य: निन्टेन्डोच्या 'वी' कन्सोलचा रिमोट. मनगट हळूच वळतं. टीव्हीवर अख्खा चक्रव्यूह कलतो.]

2 डिसेंबर 2006. जपानमध्ये वी कन्सोल विक्रीला आला, त्याच दिवशी हडसन सॉफ्टचा 'कोरोरिन्पा'ही. आपल्याकडे गोटी 'गडगडत' जाते, जपानीत ती 'कोरोकोरो' जाते. नावातच आवाज आहे.

इथे खुंटी नाही, काडी नाही. रिमोट डावीकडे कलला की चक्रव्यूह डावीकडे. नारिंगी स्फटिक सगळे गोळा करायचे, मगच शेवट गाठता येतो. रिमोट पुरता आडवा वळवला, तर आत्ताची भिंत पुढच्या क्षणी जमीन होते. मनगट दुखतं, हेही सांगायला हवं.

[दृश्य: चिपची रेखाकृती. सिलिकॉनच्या स्प्रिंगांवर टांगलेलं सूक्ष्म वजन.]

रिमोटच्या पोटात तीन अक्षांचा त्वरणमापक आहे. सिलिकॉनच्या बारीक स्प्रिंगांवर टांगलेलं एक वजन. रिमोट कलला की ते किंचित सरकतं, शेजारच्या पट्ट्यांमधली विद्युतधारिता, म्हणजे विजेचा भार साठवायची क्षमता, बदलते, आणि 'खाली' कुठे आहे हे चिपला कळतं.

एवढंच कळतं. रिमोट टेबलावर सपाट ठेवून नुसता गोल फिरवा, तो कुठे वळून थांबला हे या चिपला ओळखता येत नाही. इतर खेळांना ही उणीव नडली असेल. गोटीला मात्र खाली कुठे, एवढंच हवं असतं. फळी सपाट ठेवून हळूच गोल फिरवली, तर खरी गोळी तरी कुठे घरंगळते? चिपचं आंधळेपण आणि खेळाचा नियम इथे एकमेकांत चपखल बसले.

[दृश्य: बैठकीच्या खोलीत जमिनीवर पांढरा बॅलन्स बोर्ड. त्यावर दोन अनवाणी पाय.]

2009 साली 'कोरोरिन्पा'चा दुसरा भाग आला. त्यात हा बोर्डही चालतो. रिमोट बाजूला ठेवून खेळाडू त्यावर उभा राहतो, गुडघे वाकवतो, आणि गोटीकडे बघत हळूच एका पायावर भार टाकतो.

[आवाज: गोटी गडगडत लांब जाते.]