वर्गात समजलं, आठवड्यानं गेलं कुठे?

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, धडा शिकवून झाला की आपण विचारतो, "समजलं का?" वर्गातून एका सुरात "हो" येतं. मुलं खोटं बोलत नसतात. फळ्यावरची मांडणी डोळ्यांसमोर असते, शब्द कानांत ताजे असतात, त्यामुळे त्या क्षणी सगळं उमगलेलं असतं. आठवड्यानं तोच प्रश्न विचारला की निम्मा वर्ग नवीन काहीतरी ऐकल्यासारखा बघतो आणि आपण म्हणतो, मुलं घरी अभ्यास करत नाहीत. मला वाटतं, चूक आपल्या मोजमापात आहे. तासाला दिसते ती त्या तासाची कामगिरी. शिकणं किती झालं, ते मध्ये काही दिवस गेल्याशिवाय कळत नाही.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग याबाबत फार बोलका आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटानं एक उतारा चार सत्रांत पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्या गटानं तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत, उतारा समोर न ठेवता, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्यानंतर मात्र वाचणारे ४० टक्क्यांवर आले आणि लिहिणारे ६१ वर राहिले. आपल्याला हे लक्षात राहील, अशी खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त वाटत होती, हेही ध्यानात ठेवा. पुस्तक उघडून केलेली उजळणी मनाला दिलासा देते, पण स्मरणाला काम देत नाही.

म्हणून तासाची पहिली पाच मिनिटं आठवण्यासाठी राखून ठेवावीत. वह्या-पुस्तकं बंद, कोरा कागद, चार प्रश्न: दोन कालच्या तासातले, एक गेल्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा. प्रत्येकानं स्वतः लिहायचं. तीन मिनिटं लिहिण्याला, दोन मिनिटं उत्तरं सांगून ज्याची त्यानं दुरुस्त करायला.

हे फसतं ते बहुधा गुणांमुळे. चार प्रश्नांना चार गुण ठेवले की त्याची परीक्षा होते, मुलं शेजारच्या कागदावर डोकावतात आणि आठवण्याची धडपडच संपते. गुण नकोत, कागद गोळाही करू नका. दुसरी अडचण प्रश्नांच्या काठिण्याची. निम्म्याहून अधिक वर्गाला काहीच आठवत नसेल तर अंतर फार पडलं आहे. तो प्रश्न थोडी खूण देऊन विचारावा, उदाहरणार्थ पहिलं अक्षर किंवा अर्धवट आकृती. दुरुस्ती टाळली तर चुकीचं उत्तरच पक्कं होण्याचा धोका असतो, म्हणून शेवटची दोन मिनिटं कधीही कापू नयेत.

गृहपाठालाही हेच लागू. एकाच प्रकारची दहा गणितं दिली की तिसऱ्यापासून मूल विचार करणं थांबवतं, कारण सूत्र कोणतं ते आधीच ठरलेलं असतं. रोरर आणि टेलर यांनी २००७ साली घनफळाच्या गणितांवर हे तपासलं. प्रकारवार सराव करणाऱ्यांची सरावातली ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळून सराव करणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत आकडे उलटले: २० आणि ६३. तेव्हा नव्या प्रकाराची तीन-चार गणितं द्या आणि बाकीची जुन्या पाठांतून, क्रम विस्कटून. सुरुवातीला चुका वाढतील. पालक विचारतील, तर त्यांना हेच आकडे दाखवा.

आता शिकवत असतानाच्या प्रश्नाकडे येऊ. इथे जरा थांबायला हवं, कारण चांगला प्रश्न रचणं हे पाठ तयार करण्याइतकंच मोठं काम आहे. दशांश अपूर्णांक घ्या. २.३ आणि २.१८७ यांत मोठी संख्या कोणती? बरीच मुलं २.३ म्हणतील आणि आपण खूश होऊ. पण त्यांतल्या काहींचा हिशेब असा असतो: सहस्रांश दशांशापेक्षा लहान, म्हणजे जिथे अंक जास्त ती संख्या लहान. उत्तर बरोबर, विचार चूक. आता तीन संख्या द्या: २.३, २.४५ आणि २.१८७. सर्वांत मोठी कोणती? "जास्त अंक म्हणजे मोठी" असं मानणारं मूल २.१८७ निवडतं, "कमी अंक म्हणजे मोठी" मानणारं २.३. स्थानिक किंमत कळलेलं मूलच २.४५ वर येतं. चुकीचा प्रत्येक पर्याय एक विशिष्ट गैरसमज उघड करतो.

हात वर करायला लावू नका, तेच पाच-सहा हात वर येतात. विचाराला अर्धा मिनिट द्या आणि खुणेसरशी सगळ्यांनी एकदम छातीशी, निवडलेल्या पर्यायाच्या क्रमांकाप्रमाणे, एक, दोन किंवा तीन बोटं धरायची. बहुतेकांचं बरोबर असेल तर पुढे चला. वर्ग विभागला असेल तर शेजाऱ्याला पटवून द्यायला दोन मिनिटं द्या आणि पुन्हा बोटं बघा. फारच थोड्यांचं बरोबर असेल तर चर्चेत चुकीचाच विचार पसरतो. तिथे वेगळ्या मांडणीनं शिकवावं. शेवटी शून्यं लावून २.३००, २.४५०, २.१८७ लिहायची युक्ती उत्तर मिळवून देते, पण मूल पुन्हा तीनशे, साडेचारशे अशा पूर्ण संख्याच बघतं. आधी संख्यारेषा काढा, २ ते ३ चे दहा भाग करा, २.४ आणि २.५ च्या मध्ये २.४५ मुलांच्या हातानं ठेवू द्या.

विचारलेला असा प्रत्येक प्रश्न तारखेसह एका वहीत टिपून ठेवा, समोर किती बोटं बरोबर होती तो आकडाही. तीन आठवड्यांनी पहिल्या पाच मिनिटांत तोच प्रश्न संख्या बदलून आणा: ५.६, ५.७२, ५.३१४. जुन्या आकड्याशेजारी त्या दिवशीचा आकडा लिहा.