नमुना इथवर कसा आला?
(कोल्हापुरातील व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय: नमुना खूप थंड करून, चुंबकीय क्षेत्रात ठेवून क्ष-किरणांनी त्याची स्फटिकरचना पाहणं. फेराइटवर, म्हणजे लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडांवर, काम करणारी मंडळी कोल्हापुरात पुष्कळ, म्हणून सुरुवात त्यांतल्याच मॅग्नेटाइटपासून करतो. खोलीच्या तापमानाला याचा स्फटिक क्युबिक, म्हणजे घनाकृती रचनेचा. १२० केल्विनच्या आसपास, म्हणजे सुमारे उणे १५३ सेल्सिअसला, तो किंचित कलतो आणि मोनोक्लिनिक, म्हणजे एका बाजूला तिरपा, होतो. स्फटिकावरून विखुरलेल्या क्ष-किरणांच्या आलेखात जिथं एक शिखर होतं तिथं फाटे फुटलेले दिसतात. पण कलायचं कुठल्या अक्षाला धरून? तिन्ही अक्ष सारखेच. मग एकाच स्फटिकात वेगवेगळ्या दिशांचे तुकडे पडतात. थंड करतानाच चुंबकीय क्षेत्र लावलं, तर तो अक्ष आपल्याला ठरवता येतो.

याहून अवखळ पदार्थ म्हणजे गॅडोलिनियम आणि जर्मेनियमचं संयुग, Gd₅Ge₄. क्षेत्राशिवाय ४ केल्विनपर्यंत नेलं तर रचना बदलत नाही. मग साधारण २ टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) क्षेत्र लावा: अणूंचे थर सरकतात, आकारमान टक्काभर घटतं. आता क्षेत्र काढून घ्या. रचना परत येत नाही! ती परत हवी तर नमुना तापवावा लागतो. म्हणजे तापमान तेच, क्षेत्र शून्य, आणि आलेख मात्र दोन. मला विचाराल तर या विषयाची खरी गंमत इथंच आहे. शोधनिबंधात नुसतं ‘४ केल्विन, शून्य टेस्ला’ लिहिलेलं असलं, नमुना तिथवर कुठल्या वाटेनं आला ते नसलं, तर मी पुढं वाचायला कचरतो.

आता उपकरणाकडे. नमुन्याची तांब्याची वाटी उद्यमनगरातला चांगला टर्नर लेथवर काढून देईल. खिडकीचं काम अवघड. निर्वात तर टिकायला हवं आणि क्ष-किरण आरपार जायला हवेत, म्हणून बेरिलियम वापरतात. त्याची धूळ विषारी, तेव्हा त्याला कानस लावायची नाही. शिवाय चुंबकाचं बाहेर सांडणारं क्षेत्र क्ष-किरण नळीतल्या इलेक्ट्रॉनांना वाकवतं. नळी लांब ठेवावी लागते, नाहीतर लोखंडी कवचात.

आणि नमुना भुकटीच्या रूपात असला तर! क्षेत्र लावताच चुंबकीय कण वळतात, काही शिखरं एकदम उंच होतात, आणि नवशिक्याला वाटतं रचनाच बदलली. म्हणून भुकटी वार्निशमध्ये कालवून घट्ट बसवायची. तापमापी तांब्याचं तापमान सांगतो, भुकटीचं नव्हे, हेही ध्यानात असू द्या. नमुन्याभोवती थोडा हीलियम वायू सोडला की दोघांतला फरक कमी होतो.

आपल्याकडे इंदूरला २ केल्विन आणि ८ टेस्लापर्यंत जाणारी अशी सोय आहे. तिथं जाणाऱ्यांनी दोन मापनांच्या मध्ये नमुना पुरता तापवून, क्षेत्र शून्यावर आणून पुन्हा थंड करायला लागणारा वेळ आधीच मागून घ्यावा. थंड करणारा हीलियम संपत आला की पहिली काटछाट या वेळेतच होते.