कायमचं म्हणजे किती कायमचं?

(दृश्य: टॅटू मशीनची सुई अगदी जवळून. हातमोजे घातलेला हात, शाईचं छोटं टोपण. काही क्षण फक्त मशीनचा आवाज.)

हे जे चाललंय, ते इंजेक्शन नव्हे. टॅटूची सुई पोकळ नसते, भरीव असते. बहुतेक वेळा ती एकटीही नसते, सुयांचा जुडगा असतो. शाई त्यांच्यामधल्या फटींत धरून राहते. सुया मिनिटाला काही हजार वेळा कातडीत शिरून बाहेर येतात आणि प्रत्येक भोकातून थोडी शाई आत उतरते. खोली एक ते दोन मिलिमीटर. सुई वरवर फिरली, तर शाई काही आठवड्यांत कातडीबरोबर गळून जाते. जास्त खोल गेली, तर शाई पसरते आणि रेषेच्या कडेला निळसर, धुरकट डाग उमटतो. चित्रकला कितीही चांगली असली, तरी या एवढ्याशा अंतराचा अंदाज हाताला नसेल तर सगळं फुकट.

मशीन सुरू होण्याआधी बऱ्याच जणांच्या डोक्यात महिनोन् महिने एकच प्रश्न घोळत असतो. काढू की नको? घरातून, मित्रांकडून एक वाक्य ठरलेलं असतं: "बघ बाबा, नंतर पुसता येणार नाही." वाक्य बरोबर आहे. पण टॅटूमधलं नक्की काय टिकतं आणि काय बदलतं, हा हिशेब फारसा कुणी मांडत नाही.

आधी टिकतं ते बघू.

कातडीचा सगळ्यात वरचा थर साधारण महिनाभरात नवा होतो. टॅटू असतो त्याच्या खालच्या थरात. तिथे शाई पोचली की शरीराच्या दृष्टीने ती जखमेत शिरलेली घाण. ती साफ करायला भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, धावून येतात आणि रंगाचे कण गिळतात. कण पचत नाहीत. मग पेशी ते पोटात घेऊन तिथेच बसते. 2018 साली फ्रान्समधल्या मार्से शहरातल्या संशोधकांनी उंदरांच्या शेपटीवर टॅटू काढला आणि रंग गिळून बसलेल्या पेशी मारून टाकल्या. टॅटू जसाच्या तसा राहिला. पेशी मरते, कण मोकळे होतात आणि नव्याने आलेली पेशी ते पुन्हा गिळते. टॅटू नुसता पडून राहत नाही, शरीर तो सतत नव्याने धरून ठेवत असतं. काही कण निसटून जवळच्या लसिका ग्रंथींपर्यंत जातात आणि तिथेही रंग सोडतात.

हे धरून ठेवणं किती चिवट असावं? 1991 मध्ये आल्प्समध्ये, इटली आणि ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ, बर्फात एक माणूस सापडला. सुमारे 5,300 वर्षांपूर्वीचा. त्याला आता ओत्झी म्हणतात. त्याच्या अंगावर 61 खुणा आहेत, काळ्या रेघा आणि छोटे क्रॉस, काजळीने गोंदलेल्या. त्यातल्या बऱ्याचशा कंबर, गुडघे, घोटे अशा झिजलेल्या, दुखऱ्या जागी आहेत. त्यामुळे हे गोंदणं दुखण्यावरचा उपाय असावा, असं अनेक अभ्यासकांना वाटतं.

लोकांची नजर मात्र एवढी चिवट नसते. ती फिरते, आणि कधी कधी एका पिढीत फिरते.

(दृश्य: जपानी लाकडी ठशांच्या छपाईतली चित्रं. पाठभर ड्रॅगन, लाटा, मासे.)

जपानचंच घ्या. अठराव्या शतकात तिथे गुन्हेगारांच्या हातावर शिक्षा म्हणून पट्टे गोंदत असत. त्याच काळात शहरांतले कामगार, आग विझवणारे लोक हौसेने पाठभर चित्रं काढून घ्यायला लागले. 1872 मध्ये सरकारने टॅटूवर बंदी घातली. पाश्चात्त्य पाहुण्यांना आपला देश मागासलेला वाटू नये, ही चिंता त्यामागे होती. आणि पाहुण्यांनी काय करावं? 1881 मध्ये ब्रिटनचा राजपुत्र जॉर्ज, पुढचा राजा पाचवा जॉर्ज, जपानला गेला आणि हातावर ड्रॅगन काढून परतला. त्याच्या वडिलांनी 1862 मध्येच जेरुसलेमला क्रॉस गोंदवून घेतला होता. ज्याची लाज वाटून बंदी घातली, तेच पाहुणे हौसेने अंगावर मिरवत घरी गेले.

जपानमधली बंदी 1948 मध्ये उठली, पण टॅटू म्हणजे टोळीतला माणूस ही समजूत राहिली. सार्वजनिक स्नानगृहांच्या दारावर टॅटूवाल्यांना प्रवेश नाही अशा पाट्या आजही दिसतात. टॅटू काढणं हे डॉक्टरचं काम आहे का, हा वाद तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2020 मध्ये उत्तर मिळालं: नाही. शेजारच्या दक्षिण कोरियात 1992 मध्ये न्यायालयाने नेमकं उलट सांगितलं होतं. त्यामुळे तिथे तीस वर्षांहून जास्त काळ डॉक्टर नसलेला प्रत्येक टॅटू आर्टिस्ट कायद्याच्या लेखी गुन्हेगार होता. धंदा अर्थातच जोरात चालू होता. 2025 मध्ये संसदेने त्यांना परवाना देणारा कायदा मंजूर केला.

न्यूयॉर्कची गोष्टही सांगायला हवी. आजची टॅटू मशीन ज्यातून वाढली त्या विजेवरच्या मशीनचं पेटंट 1891 मध्ये याच शहरात घेतलं गेलं. त्याच शहराने 1961 मध्ये काविळीच्या साथीचं कारण देऊन टॅटूवर बंदी घातली आणि 1997 पर्यंत ती उठवली नाही. 2022 मध्ये अमेरिकेच्या लष्करानेही नियम सैल केले. प्रत्येक हातावर एक इंचापर्यंतचा एक आणि मानेच्या मागे दोन इंचांपर्यंतचा टॅटू चालतो. न्यूझीलंडमध्ये 2020 साली परराष्ट्रमंत्री झालेल्या ननाइया महुता यांच्या हनुवटीवर माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, स्त्रियांचं पारंपरिक गोंदण आहे. तिथे ते नक्षीकाम नाही, वंशाची ओळख आहे, आणि म्हणूनच कॅटलॉगमधून 'छान डिझाइन आहे' म्हणत ते उचलणाऱ्यांचा माओरी लोकांना राग येतो. माझ्या मते तो योग्यच आहे.

(दृश्य: पांढरा पडदा. मशीनचा आवाज बंद.)

एक उदाहरण या सगळ्यापेक्षा वेगळं आहे, आणि त्यावर थांबायला हवं. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या ऑश्विट्झच्या छळछावणीत कैद्यांच्या हातावर क्रमांक गोंदले गेले. नाव काढून घ्यायचं आणि आकडा द्यायचा. वाचलेल्यांपैकी काहींनी पुढे तो आकडा काढून टाकला, काहींनी जन्मभर बाह्यांखाली झाकला, काहींनी मुद्दाम उघडा ठेवला. आणि अलीकडे त्यांच्या काही नातवंडांनी आजी-आजोबांचा तोच क्रमांक आपल्या हातावर गोंदवून घेतला. काही घरांत त्यावर रडारड झाली, काही घरांत भांडणं. शाई तीच, आकडा तोच, जागाही तीच. एकावर तो लादला होता, दुसऱ्याने तो मागून घेतला. टॅटू चांगला की वाईट, हा प्रश्न इथे थिटा पडतो. कुणी कुणाच्या अंगावर काढला आणि कुणाच्या मर्जीने, हे आधी विचारावं लागतं.

आता पुन्हा आपल्या प्रश्नाकडे. काढू की नको?

2023 मध्ये अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटरने मोठं सर्वेक्षण केलं. 32 टक्के प्रौढांच्या अंगावर किमान एक टॅटू होता. त्यांच्यातल्या 24 टक्के लोकांना एखाद्या तरी टॅटूचा पस्तावा होता. म्हणजे चारातला एक. "सगळे पस्तावतात" म्हणणाऱ्यांनाही हा आकडा पटणार नाही आणि "कुणीच पस्तावत नाही" म्हणणाऱ्यांनाही नाही. टॅटू का काढला, याचं कारण म्हणून 69 टक्के लोकांनी कुणाची तरी किंवा कशाची तरी आठवण, आदर असं सांगितलं.

आठवणीचा टॅटू सहसा निभावतो, असं मला वाटतं. गेलेल्या माणसाशी नव्याने भांडण होत नाही. प्रेमात असलेल्या माणसाच्या नावाची तेवढी खात्री देता येत नाही. कव्हरअपचं, म्हणजे जुन्या टॅटूवर नवं चित्र काढून तो झाकण्याचं, काम करणाऱ्या कुठल्याही आर्टिस्टला विचारा, नावं झाकायला किती लोक येतात ते.

"याचा अर्थ काय?" हा प्रश्न प्रत्येक टॅटूवाल्याला विचारला जातो, आणि त्या धाकाने लोक अर्थ शोधत बसतात. काही गरज नाही. विशीत ठासून सांगितलेला अर्थ पस्तिशीत अवघडून टाकू शकतो, पण रेषा मुळातच देखणी असेल तर ती बघायला तेव्हाही बरी वाटते. "आवडला म्हणून काढला" हे कारण उथळ मानतात. मला ते पुष्कळ मजबूत वाटतं. फक्त आवड जुनी आहे का, हे तपासावं. चित्र छापून रोज दिसेल अशा ठिकाणी लावून ठेवा. काही महिन्यांनी डोळ्यांना त्याचा कंटाळा आला, तर कातडीचा वेळ वाचला.

आणि जी लिपी आपल्याला वाचता येत नाही, तिच्यातलं वाक्य ती लिपी वाचणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय अंगावर घेऊ नका. इंटरनेटवर या प्रकारच्या फजितीचे फोटो बघून आपण हसतो. त्यातला प्रत्येक जण स्टुडिओतून खुशीत बाहेर पडला होता.

(दृश्य: वेगवेगळ्या रंगांच्या हातांवरचे जुने टॅटू. दहा, वीस वर्षांचे.)

ताज्या टॅटूचे फोटो फसवे असतात. आर्टिस्टला जुन्या कामाचे फोटो मागा, बऱ्या झालेल्या, काही वर्षं उलटलेल्या. बारीक रेषा काळाबरोबर जाड होतात, जवळजवळची अक्षरं एकमेकांत मिसळतात. बोटं, तळवे, पाऊल इथली शाई लवकर उडते. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर आणखी एक गोष्ट असते. कातडीचा स्वतःचा रंग वरच्या थरात आणि टॅटू खालच्या थरात, त्यामुळे चित्र रंगीत काचेतून बघावं तसं दिसतं. काळा ठसठशीत दिसतो, फिके पिवळे-गुलाबी हरवतात. फोटोतला रंग तसाच्या तसा मागण्याआधी आपल्यासारख्या कातडीवरचं काम बघा. जखम भरताना ज्यांना जाड, उंचवट्याचे व्रण येतात त्यांनी, आणि त्वचेचा विकार असणाऱ्यांनी, डॉक्टरांना आधी विचारावं. तिळावर किंवा चामखिळीवर टॅटू नको. तिथे काही बदल झाला तर शाईखाली तो दिसत नाही.

लाल रंगाची ॲलर्जी इतर रंगांपेक्षा जास्त आढळते, आणि ती कधी कधी वर्षांनी डोकं वर काढते. शाईत काय असतं, याकडे सरकारांचं लक्ष तसं उशिराच गेलं. युरोपीय संघाने जानेवारी 2022 पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर निर्बंध आणले, आणि वर्षभराने एका निळ्या आणि एका हिरव्या रंगावरही.

स्वच्छतेचं बोलताना सगळे सुईबद्दल बोलतात, आणि ते बरोबरच आहे. सुई पाकिटातून तुमच्यासमोर काढली पाहिजे, कारण हेपटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात. पण 2011 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये 19 जणांना टॅटूनंतर जंतुसंसर्ग झाला, आणि दोष निघाला आधीच पातळ करून बाटलीत भरलेल्या राखाडी शाईत. म्हणून शाई कुठली, पातळ कशाने करता, हेही विचारायचं. छोट्या टोपणात ओतलेली शाई काम संपल्यावर फेकून दिली पाहिजे, बाटलीत परत जाता कामा नये. असे प्रश्न विचारल्यावर ज्याला राग येतो, त्याच्याकडून टॅटू काढून घेऊ नये.

पुसण्याचं काय? लेझरने पुसता येतं, पण सोपं नसतं. लेझरचा अतिशय छोटा झटका रंगाच्या कणांचे तुकडे करतो आणि मग शरीर ते हळूहळू वाहून नेतं. मध्ये काही आठवडे थांबायचं, मग पुढची बैठक. अशा बऱ्याच बैठका लागतात. काळा रंग सगळ्यात लवकर जातो. हिरवा, पिवळा हट्टी. पांढरा तर लेझरखाली उलट काळवंडू शकतो. गडद कातडीवर फिके किंवा काळे डाग राहण्याचा धोका जास्त, म्हणून त्यासाठी अनुभवी त्वचारोगतज्ज्ञच हवा. "नाही आवडला तर काढून टाकू" हा विचार करून स्टुडिओत जाणाऱ्याने अजून थोडं थांबावं.

बाकी जुजबी गोष्टी. दोन-तीन आठवडे खपली काढायची नाही, पोहायचं नाही, ऊन टाळायचं. रक्तदान करत असाल तर देशागणिक काही महिने ते वर्षभर थांबावं लागतं.

(दृश्य: हातावर जांभळ्या रेषांचं स्टेन्सिल. शेजारी स्पिरिटची बाटली, कापसाचे बोळे.)

सुईच्या आधी स्टेन्सिल येतं. कागदावरच्या जांभळ्या रेषा कातडीवर उमटवतात आणि काही मिनिटं वाळू देतात. नाही म्हणायची ही शेवटची जागा, आणि नेमकी इथेच लोक भिडेपोटी गप्प बसतात. चित्र अर्धा इंच वर हवं होतं, जरा तिरकं बसलंय, हे दिसत असतं, पण आर्टिस्टने एवढी मेहनत घेतलीय म्हणून मान हलवतात. हलवू नका. उभे राहा, हात खाली सोडा, कोपर वाकवा, चालून बघा. टेबलावर ठेवलेला हात आणि लोंबता हात यांत चित्र वेगळं दिसतं. स्पिरिटच्या एका बोळ्याने स्टेन्सिल पुसलं जातं आणि पुन्हा लावता येतं, दोनदा लावलं काय नि चारदा लावलं काय. अक्षरं असतील तर एकेक सुटं वाचा, शेवटाकडून सुरुवातीकडे. आणि ती आरशात वाचू नका, तिथे उलटी दिसतात. मोबाइलवर फोटो काढा आणि शुद्धलेखन पक्कं असलेल्या कुणाला तरी पाठवा. उत्तर येईपर्यंत आर्टिस्ट थांबेल.