"पाचवर सेट केलाय" म्हणजे नेमकं काय?

हवेच्या लाइनवरच्या डिजिटल प्रेशर स्विचबद्दल, म्हणजे दाब ठरावीक आकड्याला पोचला की सिग्नल चालू-बंद करणाऱ्या स्विचबद्दल, विचारलं की शॉपवर हमखास एक उत्तर मिळतं : "पाचवर सेट केलाय." हे वाक्य अर्धंच आहे. पाचला स्विच लागतो की सुटतो? सुटत असेल तर परत कितीला लागतो? दाब पाचच्या खाली गेल्यावर लगेच सुटतो की दोन सेकंदांनी? आणि पाच काय, बार की किलो? आज बोलायचं आहे ते या उरलेल्या अर्ध्याबद्दल.

एककाचं आधी उरकून टाकू. आपण "हवा सहा किलो आहे" म्हणतो तेव्हा मनात किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतं. १ बार म्हणजे १.०२ किलो, म्हणजे बार आणि किलोमध्ये दोन टक्क्यांचा फरक. रोजच्या कामात तो चालून जातो. डिस्प्लेवर मात्र बहुधा मेगापास्कल असतं. तिथे ०.५०० दिसलं की ते ५ बार, आणि पीएसआयमध्ये साधारण ७२.५. जपानी मशीन सेकंडहँड आणलं असेल तर एक गंमत होते : मेन्यू कितीही चाळला तरी युनिट बदलायचा पर्याय सापडत नाही. स्विच बिघडलेला नसतो. जपानच्या मापन कायद्यामुळे तिथे विकल्या जाणाऱ्या स्विचमध्ये ती सोय दिलेलीच नसते.

जुन्या यांत्रिक स्विचमध्ये स्प्रिंग आणि मायक्रोस्विच असायचा. लागण्या-सुटण्यातला फरक, ज्याला आपण डिफरन्स म्हणतो, तो स्प्रिंग आणि लिव्हर ठरवायचे. तुमच्या हातात फार तर एक स्क्रू. इलेक्ट्रॉनिक स्विचमध्ये सिलिकॉनचा पातळ पडदा दाबाने वाकतो, त्यावरच्या रोधांची किंमत बदलते आणि ती मोजून आतला प्रोसेसर आउटपुट चालू-बंद करतो. फरक किती ठेवायचा हे आता तुम्ही ठरवायचं. सोय मोठी आहे, पण ठरवलं नाही तर कारखान्यातून आलेला आकडा तसाच राहतो.

बसवण्यातल्या काही गोष्टी सांगतो. पहिली : टॅपिंग पाइपच्या वरच्या बाजूने घ्या आणि स्विचचं तोंड खाली राहील असं बघा. खालून टॅपिंग घेतलं की पावसाळ्यात लाइनमधलं पाणी आणि तेल तिथेच साचतं. दुसरी : पाना धातूच्या षट्कोनी भागावरच लावा, प्लास्टिकच्या अंगाला धरून पिळू नका. टेफ्लॉन टेप गुंडाळताना टोकाचे दीड-दोन आटे मोकळे सोडा, नाहीतर टेपचा तुकडा सेन्सरच्या बारीक छिद्रात जातो आणि दाब कळायला उशीर होतो. आणखी एक : गेज प्रेशर मोजणाऱ्या स्विचला बाहेरच्या हवेचा संदर्भ लागतो, त्यासाठी त्याच्या अंगावर एक बारीक छिद्र असतं. कूलंट उडतो अशा जागी ते बुजलं की शून्य सरकू लागतं, आणि मग आपण उगाच सेन्सरला दोष देतो.

आता वायरिंग. चार तारा : तपकिरी २४ व्होल्ट, निळी शून्य, काळी पहिलं आउटपुट, पांढरी दुसरं आउटपुट किंवा अ‍ॅनालॉग. पांढरी वापरत नसाल तर तिचं टोक इन्सुलेट करा, पॅनेलमध्ये लोंबकळत सोडू नका. सगळ्यात जास्त वेळ खातं ते पीएनपी-एनपीएन : पीएनपी आउटपुट प्लस जोडतं, एनपीएन शून्य जोडतं. लक्षण ठरलेलं : स्विचवरचा आउटपुटचा दिवा लागतो, पीएलसीच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या, इनपुटचा लागत नाही. पीएनपी असेल तर आउटपुट चालू असताना काळी आणि निळी यांच्यात जवळपास २४ व्होल्ट मिळायला हवेत, एनपीएन असेल तर तपकिरी आणि काळी यांच्यात. हे मोजताना लोड जोडलेला असू द्या. नुसती तार हवेत ठेवून मीटर लावला तर कसलाही आकडा दिसतो आणि दिशाभूल होते.

आउटपुटची ताकद थोडी असते, मॉडेलप्रमाणे ८० ते २०० मिलिअ‍ॅम्पिअरच्या आसपास. पीएलसीचा इनपुट किंवा छोटा रिले सहज चालतो. कॉन्टॅक्टरची (मोटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल थेट लावू नका, मध्ये रिले घ्या आणि रिलेच्या कॉइलवर डायोड लावा, पट्टीची बाजू प्लसकडे. डायोड नसेल तर कॉइल सुटतानाचा व्होल्टेजचा फटका आउटपुटचा ट्रान्झिस्टर झेलतो, आणि एक दिवस तो कायमचा चालू राहतो. बंद पडला असता तर निदान कळलं तरी असतं.

सेटिंगला हात लावण्याआधी शून्य. लाइन पूर्ण मोकळी करा, म्हणजे ट्यूब काढून स्विचचं तोंड हवेत उघडं करा. एफआरएलचा (मशीनच्या हवेच्या तोंडाशी असलेल्या फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटरचा) कॉक बंद केला एवढ्यावर थांबू नका, ट्यूबमध्ये दाब अडकलेला असू शकतो. बऱ्याच मॉडेलमध्ये वरचं-खालचं बटण एकत्र सेकंदभर दाबलं की शून्य होतं. शिल्लक दाब मोठा असेल तर स्विच एरर दाखवतो, पण ०.०३ मेगापास्कलसारखा किरकोळ दाब तो मुकाट्याने शून्य म्हणून स्वीकारतो. मग पुढचं प्रत्येक वाचन ०.३ बारने कमी येतं, आणि मशीन "हवा कमी" म्हणून थांबत राहतं.

शून्य झालं की शेजारच्या डायल गेजशी ताडून बघायचा मोह होतो. बघा, पण गेजवर काय लिहिलंय तेही वाचा. वर्ग २.५ (पल्ल्याच्या २.५ टक्के चूक चालते) आणि पल्ला १० बार म्हणजे काटा पाव बार इकडे-तिकडे असू शकतो. स्विचच्या डिस्प्लेची अचूकता पूर्ण पल्ल्याच्या २ टक्के धरली तर १० बारला ०.२ बार. दोघांत ०.३ बारचा फरक दिसला तर तो दोष नाही. खरंच ताडायचं असेल तर वर्ग १ चा गेज आणा.

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. व्हीएमसीच्या (उभ्या मशीनिंग सेंटरच्या) फिक्श्चरवर, म्हणजे जॉब धरायच्या चौकटीवर, ६३ मिलिमीटर बोअरचा क्लॅम्प सिलिंडर आहे असं धरा. पिस्टनचं क्षेत्रफळ ३१ चौरस सेंटिमीटरहून किंचित जास्त. जॉब धरायला १३०० न्यूटन लागतात. सीलच्या घर्षणात दहा टक्के गेले असं मानलं तर सिलिंडरवर १४४४ न्यूटन यायला हवेत, त्यासाठी ४.६३ बार. त्यात स्विचच्या अचूकतेचे ०.२ मिळवा : ४.८३. म्हणून दाब उतरताना ४.९ ला स्विच सुटला पाहिजे. हा झाला एक आकडा, आणि तो सिलिंडरने ठरवला.

दुसरा आकडा लाइन ठरवते. रेग्युलेटर ६ बारला ठेवा, मशीन नेहमीसारखं वीस-तीस सायकल चालू द्या. बहुतेक स्विच या काळातली सर्वांत कमी किंमत धरून ठेवतात, ती बघा. समजा शेजारचा सिलिंडर चालला की दाब ५.५ पर्यंत बसतो. मग परत लागायचा बिंदू ५.५ च्या खाली हवा, नाहीतर एकदा सुटलेला स्विच चालू मशीनवर वेळेत परत लागेलच असा भरवसा नाही. आपण ५.३ घेऊ. म्हणजे क्रम असा लागला : गरज ४.६३, सुटणं ४.९, लागणं ५.३, नेहमीचा तळ ५.५, रेग्युलेटर ६. या पाच आकड्यांचा क्रम बिघडला तर कुठल्याही सेटिंगने मशीन नीट चालणार नाही. आधी पाइप किंवा रेग्युलेटर सुधारा.

आता हे स्विचमध्ये भरताना बहुतेकांची गफलत होते. सेट बटण दाबलं की पी१ लुकलुकतो, मग एच१ येतो. पी१ म्हणजे दाब चढताना आउटपुट लागतो तो बिंदू, एच१ म्हणजे तिथून खाली किती उतरल्यावर सुटायचं ते अंतर, म्हणजेच हिस्टेरेसिस. आपल्याला पी१ हवा ०.५३० आणि एच१ ०.०४०. पण डोक्यात "४.९ ला ट्रिप" असतं म्हणून पी१ मध्ये ०.४९० टाकला जातो. एच१ तोच. मग स्विच ४.५ ला सुटतो. त्या दाबाला घर्षण वजा जाता क्लॅम्पचा जोर १२६० न्यूटनच्या आसपास, आपल्याला हवे होते १३००. डिस्प्लेवर सगळं हिरवं, आणि कटर जॉबला हलवतोय. काही युरोपीय बनावटीच्या स्विचमध्ये एसपी आणि आरपी असे दोन बिंदू थेट टाकायचे असतात, तिथे वजाबाकी करावी लागत नाही. एकाच शॉपमध्ये दोन्ही जाती असतील तर हा फरक पॅनेलच्या दारावर लिहून ठेवा.

हिस्टेरेसिस फार कमी ठेवला तर सोलेनॉइडच्या (सिलिंडरला हवा सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हच्या) प्रत्येक झटक्याला आउटपुट फडफडतो आणि रिले टकटक करतो. मग कोणीतरी उपाय म्हणून रिस्पॉन्स टाइम, म्हणजे दाब बदलल्यावर आउटपुट बदलायला लागणारा वेळ, वाढवतो. हे दोन उपाय एकमेकांच्या जागी वापरायचे नाहीत. दाब सावकाश वर-खाली होतो त्याला हिस्टेरेसिस, आणि काही मिलिसेकंदांच्या झटक्याला रिस्पॉन्स टाइम. तो साधारण २.५ मिलिसेकंदांपासून २ सेकंदांपर्यंत निवडता येतो. क्लॅम्पच्या इंटरलॉकला (क्लॅम्प सैल झाला तर स्पिंडल थांबवण्याच्या सोयीला) १०० मिलिसेकंद पुष्कळ झाले. तिथे २ सेकंद ठेवले तर ट्यूब निसटल्यावर स्पिंडल दोन सेकंद सैल जॉबवर चालतो.

आउटपुटची दिशा हाही सेटिंगचाच भाग. हवा ठीक असताना आउटपुट चालू राहील असंच ठेवा. मग तार तुटली, कनेक्टर निघाला, २४ व्होल्टचा फ्यूज उडाला, तरी पीएलसीला "हवा नाही" असंच कळतं आणि मशीन थांबतं. उलट ठेवलं तर तुटलेली तार आणि उत्तम हवा पीएलसीला सारखीच दिसतात.

स्विच कुठे आहे यावर त्याच्या सांगण्याचा अर्थ ठरतो. एफआरएलवर असेल तर तो सांगतो की मशीनपर्यंत हवा पोचली. सोलेनॉइड आणि सिलिंडर यांच्यामध्ये असेल तर क्लॅम्पच्या बाजूला दाब आहे. जॉब धरला गेला, हे तो दोन्ही ठिकाणी सांगत नाही. सिलिंडरच्या बाहेर जाणाऱ्या हवेवर फ्लो कंट्रोल असेल, आणि बहुधा असतोच, तर पिस्टन अजून सरकत असतानाच मागच्या बाजूचा दाब जवळपास लाइनइतका झालेला असतो. स्विच लागतो, पीएलसी पुढे जाते, क्लॅम्प अजून वाटेत. जॉब लावलाच नसेल तर पिस्टन शेवटपर्यंत जातो आणि स्विच तेव्हाही खुशाल लागतो. म्हणून क्लॅम्पसाठी योग्य जागी रीड स्विच (पिस्टन कुठे आहे ते सांगणारा) आणि प्रेशर स्विच, दोन्ही सिग्नल मिळाल्याशिवाय स्पिंडल सुरू होऊ देऊ नका.

हाच स्विच कंप्रेसर चालू-बंद करायला लावला की हिस्टेरेसिसचा अर्थ बदलतो, तिथे तो मोटरचं आयुष्य ठरवतो. ५०० लिटरची टाकी, कंप्रेसर मिनिटाला १००० लिटर देतो, शॉप ६०० लिटर खातं. ६.५ ला चालू आणि ७.५ ला बंद ठेवलं तर टाकी भरायला सव्वा मिनिट आणि उतरायला ५० सेकंद. तासाला जवळपास २९ वेळा मोटर सुरू होते. "दाब जरा स्थिर हवा" म्हणून कोणी हिस्टेरेसिस ०.३ बार केला तर हाच आकडा ९६ होतो. कॉन्टॅक्टर तर जातोच, वायंडिंगही तापतं. तासाला दहा वेळांवर आणायचं तर याच १ बारच्या फरकाला टाकी जवळपास १४५० लिटरची लागेल, नाहीतर मोटर चालू ठेवून लोड-अनलोड करावं लागेल, म्हणजे हवा भरणं तेवढं चालू-बंद करावं लागेल. फरक वाढवायचा म्हणून वरचा बिंदू चढवत गेलात तर विजेचं बिल चढतं : १ बार जास्त दाबासाठी साधारण ६ ते १० टक्के जास्त वीज, हा ऊर्जा दक्षता ब्युरोच्या मार्गदर्शक पुस्तिकांतलाही अंदाज आहे. आणि टाकीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आपल्या जागी राहतोच. प्रेशर स्विच कितीही महाग असला तरी तो त्याची जागा घेत नाही.

सेटिंग झालं की आकड्यांवर विश्वास ठेवू नका, उतरवून बघा. कटर काढा, क्लॅम्प लावा, लाइनचा कॉक बंद करून एका पुश फिटिंगमधून हवा सावकाश सोडा. एकाने डिस्प्लेकडे बघायचं आणि आउटपुटचा दिवा गेला तो आकडा मोठ्याने म्हणायचा, दुसऱ्याने पीएलसीच्या इनपुटकडे बघायचं, तिसऱ्याने स्पिंडल थांबतो का ते. मग कॉक उघडून चढतानाचा आकडाही तसाच घ्या. ४.९ आणि ५.३ आले तर बटणं लॉक करा. भर शिफ्टमध्ये अलार्म नको म्हणून आकडा खाली ओढणारा हात कुणाचाही असू शकतो.

शेवटचं स्टोअरबद्दल. स्पेअर मागवताना पार्ट नंबरचं प्रत्येक अक्षर जुळवा, पीएनपी आणि एनपीएनमध्ये बहुधा एकाच अक्षराचा किंवा आकड्याचा फरक असतो. आणि नवा स्विच जुन्याच्या जागी बसवला की तो कारखान्याच्या सेटिंगवर असतो. पी१, एच१, रिस्पॉन्स टाइम, आउटपुटची दिशा आणि एकक, या पाच गोष्टी तारखेसह कागदावर लिहून तो कागद पॅनेलच्या दाराच्या आतून चिकटवा. रात्रपाळीत स्विच बदलणाऱ्याच्या हाताशी बहुधा तेवढंच असतं.