बंबातल्या खपलीचा डोंगर

नमस्कार श्रोतेहो.

तुर्कस्तानात डेनिझ्ली शहराजवळ पामुक्कले नावाची जागा आहे. पामुक म्हणजे कापूस, कले म्हणजे किल्ला. कापसाचा किल्ला. सुमारे 200 मीटर उंचीचा पांढराशुभ्र उतार, त्यावर आपल्या भाताच्या कुणग्यांसारखी एकाखाली एक टाकी. कुणग्याला जशी मेर, तसा प्रत्येक टाक्याला पांढरा काठ. आणि ऊन पाणी या टाक्यातून त्या टाक्यात उतरतंय.

तिथे मी माझ्या आत्येला घेऊन गेलो होतो. आत्या जन्माने डिचोलीची, पण लग्न होऊन गेली सोलापूरला आणि तीस वर्षं बोअरच्या पाण्याशी भांडली. आपल्या जांभ्यातल्या विहिरींचं पाणी मऊ, त्यामुळे आपल्याला ते भांडण ठाऊक नाही. (मऊ पाण्यात डाळ कशी शिजते, हे गोवेकराला गोवा सोडल्याशिवाय कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. असो.)

उतारावर चपला काढाव्या लागतात. आत्येने देवळाच्या पायरीवर काढाव्या तशा काढल्या. मागून एक गृहस्थ बुटांसकट आले, तर पहारेकऱ्याने अशी शिट्टी मारली की तेच टाक्यात पडायचे! आत्या चार पावलं गेली, वाकली, काठावर नख घासून बघितलं आणि मला म्हणाली, "अरे, ही तर माझ्या बंबातली खपली!"

मी म्हटलं, आत्ये, हे जागतिक वारशाचं ठिकाण आहे, 1988 पासून. ती म्हणाली, "असेना. चिंच लावली तर सगळं जाईल."

आमच्या गाइडला मी हे इंग्रजीत सांगितलं. मला वाटलं हसेल. तो हसला नाही. "बाई बरोबर बोलतात," म्हणाला, "चुनखडीच आहे. आंबट लागलं तर विरघळेल."

खरंच तसं आहे. जमिनीखालचं ऊन पाणी चुनखडी विरघळवून वर आणतं. उघड्यावर आलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुनखडी मागे राहते. आधी खिरीसारखी मऊ, मग दगड. पुन्हा सांगतो: वायू उडतो, चुना राहतो. बंबात आच तेच काम करते.

वर हिएरापोलिस या प्राचीन शहराचे अवशेष आहेत: मोठं नाट्यगृह, हजाराहून जास्त थडगी, आणि एक गुहा. स्ट्रॅबो या ग्रीक लेखकाने तिथे चिमण्या सोडल्या, त्या लगेच मेल्या. मारणारा वायू तोच, कार्बन डायऑक्साइड. एकेकाळी या उताराच्या माथ्यावर हॉटेलं उभी होती, त्यांनी हेच पाणी ओढलं आणि डोंगर काळवंडला. शेवटी हॉटेलं पाडली. आता पाणी पाळीपाळीने सोडतात, म्हणून काही टाकी कोरडी दिसतात. आपल्या किनाऱ्यांबद्दल मी इथे काही बोलत नाही, वेळ संपत आलाय.

आत्येने मात्र तिथलं बाटलीभर पाणी तीर्थ म्हणून आणलं. डिचोलीला देव्हाऱ्यात तांब्याच्या गडूत ओतून ठेवलं. गेल्या महिन्यात गेलो, तर पाणी आटलेलं आणि गडूच्या आत बोटभर रुंदीचं पांढरं कडं धरलेलं. गडू दर सोमवारी घासला जातो, पण बाहेरूनच. आत चिंच लावू देत नाही ती.