नाव मोठ्या अक्षरात, पैसा बारीक अक्षरात

(मंडळाच्या पाडवा मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

पाडव्याच्या दिवशी राजकारण नको, असं समितीतल्या काहींनी मला आधीच सांगितलं. त्यांची काळजी रास्त आहे. मंडळाला करसवलत आहे, तेव्हा या व्यासपीठावरून अमक्याला मत द्या म्हणणं कायद्यात बसत नाही, आणि मी ते म्हणणारही नाही. पण मत कुणाला द्यायचं हे आपण ठरवतो कसं, यावर बोलायला कुणाची आडकाठी नाही. 4 ऑगस्टला मिशिगनची प्रायमरी आहे, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणारी निवडणूक. त्याच्या आत आपण सगळे पुन्हा असे एकत्र भेटू याची मला खात्री नाही.

'ताई माई अक्का, विचार करा पक्का' ऐकत आपण वाढलो. पण विचार पक्का करायचा तो वरून आलेल्या उमेदवारांमधूनच. पक्षाच्या उमेदवारीचा एबी फॉर्म कुणाच्या खिशात पडला हे आपल्याला दुसऱ्या दिवशी पेपरात कळायचं. इथे अमेरिकेत उमेदवार कोण असावा हेच मतदार ठरवतात. मिशिगनमध्ये तर पक्षाकडे नाव नोंदवायचीही गरज नाही. मतपत्रिकेवर पक्षांचे रकाने असतात, त्यातला एक निवडायचा आणि त्यातच राहायचं. दोन्हीकडे खुणा केल्या तर ते मत बाद.

आणि पुष्कळ ठिकाणी खरा निकाल ऑगस्टमध्येच लागतो. 2022 साली श्री ठाणेदार काँग्रेससाठी, म्हणजे इथल्या संसदेसाठी, उभे राहिले तेव्हा डेमोक्रॅटिक प्रायमरीत नऊ उमेदवार होते. ठाणेदारांना साधारण 28 टक्के मतं मिळाली आणि तेवढ्यावर ते जिंकले. तो मतदारसंघ डेमोक्रॅट पक्षाचा, त्यामुळे नोव्हेंबरची निवडणूक तिथे उपचारापुरतीच होती. बेळगावात वाढलेला मराठी माणूस वॉशिंग्टनला चालला म्हणून त्या रात्री आपल्याकडे फोनवर फोन चालले होते. त्याच रात्री डेट्रॉईटमध्ये, जिथे बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय आहेत, 1955 पासून काँग्रेसमध्ये सलग कुणी ना कुणी कृष्णवर्णीय माणूस असायचा, तो आता नसणार याचं दुःख होतं. आपल्या आनंदात ते दुःख आपल्या कानावर फारसं आलं नाही.

आता ज्यासाठी मी उभी आहे ते सांगते. मध्यंतरी माझे दीर आणि जाऊबाई आमच्याकडे आले होते. टपालात एका उमेदवाराचं पत्रक आलं, ते गुळगुळीत, जाड, रंगीत कार्ड असतं ना, तसलं. दिरांनी नाव वाचलं आणि कार्ड रिसायकलच्या डब्यात टाकलं. माझी लेक तिथेच होती. म्हणाली, "काका, वाचलंत तरी का?" ते म्हणाले, "वाचायचंय काय त्यात? नाव बघ ना." उमेदवार मुसलमान होता. त्यावर ती म्हणाली, "मग आयोवावाल्यांवर आपण का चिडलो होतो?"

पुढे आवाज चढले, जेवण लांबलं, ते सगळं सांगत बसत नाही. पण तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. डिसेंबर 2023 मध्ये टीव्हीवरच्या सभेत आयोवातल्या एका मतदाराने अध्यक्षपदाची उमेदवारी मागणाऱ्या विवेक रामस्वामींना त्यांच्या हिंदू असण्याबद्दल विचारलं, तेव्हा आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संतापाची लाट आली होती. या देशाच्या घटनेच्या सहाव्या कलमात लिहिलंय की कुठल्याही सार्वजनिक पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही. ते कलम तेव्हा आपण एकमेकांना धडाधड पाठवत होतो. ते कलम सरकारला बांधतं, स्वयंपाकघरातल्या रिसायकलच्या डब्याला बांधत नाही, हे मला कळतं. पण ते आपल्याला पटलेलं होतं, की फक्त उपयोगाचं होतं?

2018 च्या गव्हर्नर पदाच्या प्रायमरीत ठाणेदार आणि अब्दुल अल-सय्यद दोघेही होते. ठाणेदारांनी स्वतःचे एक कोटी डॉलरहून जास्त घातले. अल-सय्यद यांच्या धर्मावरून दुसऱ्या पक्षाच्या एका उमेदवाराने पुराव्याशिवाय नाही नाही ते आरोप केले. ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या, अल-सय्यद दुसरे, ठाणेदार तिसरे. आणि तेव्हा मिशिगनमध्ये राज्याच्या पदांसाठी उभं राहणाऱ्याने आपली मालमत्ता जाहीर करावी असा कायदाच नव्हता. असं राज्य आपलं आणि आयडाहो, एवढी दोनच. 2022 साली मतदारांनी घटनादुरुस्ती करून ते बदललं. तिकडे भारतात उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात बायकोचं सोनं किती तोळे आहे हेसुद्धा छापून येतं, आणि इथे गव्हर्नर होऊ पाहणाऱ्याला हा प्रश्न विचारायची कायद्यात सोय नव्हती.

ते पत्रक मी नंतर डब्यातून काढून पाहिलं. नाव केवढं मोठं. आणि पार खाली, चष्मा लावूनही वाचायला त्रास व्हावा अशा अक्षरात, ते कुणाच्या पैशाने छापलंय ती ओळ. दिरांनी ती वाचली नव्हती, आणि खरं सांगायचं तर लेकीनेही नाही.

हे नवीन नाही. 1960 साली वेस्ट व्हर्जिनियात अध्यक्षपदाच्या प्रायमरीत जॉन केनेडी ह्युबर्ट हम्फ्री यांच्यासमोर होते. राज्य जवळजवळ सगळं प्रोटेस्टंट, केनेडी कॅथलिक. त्यांनी लोकांना विचारलं की मी नौदलात गेलो तेव्हा माझा धर्म कुणी विचारला नव्हता, माझा भाऊ शेवटच्या मोहिमेवर विमानात चढला तेव्हा त्यालाही नाही. लोकांना ते भिडलं. केनेडींना साठ टक्क्यांहून जास्त मतं पडली आणि हम्फ्रींनी माघार घेतली. पण हम्फ्रींचं एक गाऱ्हाणं होतं, की मी एकटा दुकानदार आणि समोर दुकानांची अख्खी साखळी. केनेडींच्या वडिलांच्या संपत्तीबद्दल होतं ते. त्या पैशाबद्दलचे आरोप पुढे वर्षानुवर्षं चालले. धर्माची भिंत पडली तो क्षण सगळ्यांना आठवतो. त्या रात्री दुसरी गोष्टही घडली, ती तेवढी आठवत नाही.

पैशाने सगळं मिळतं असंही नाही. 2020 साली अध्यक्षपदाच्या प्रायमरीत अब्जाधीश मायकल ब्लूमबर्ग यांनी पदरचे जवळजवळ शंभर कोटी डॉलर खर्च केले, आणि सुपर ट्यूसडेला, म्हणजे एकाच दिवशी पुष्कळ राज्यांत मतदान होतं तेव्हा, त्यांना जिंकता आला तो एकटा अमेरिकन समोआ, एक चिमुकला बेटांचा प्रदेश. पण स्वतःचा पैसा उडवण्यावर मर्यादा घालता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1976 सालीच सांगितलंय. ज्याच्याकडे नाही तो दारोदार फिरतो.

आणि तो आपल्याकडेही येतो. इथे मला थोडं रागावायचंय, समजून घ्या. उमेदवारासाठी निधी जमवायच्या फंडरेझरच्या जेवणाला आपण भरभरून देतो, फोटो काढतो, तो फेसबुकवर चढतो. उमेदवाराला विचारलेला प्रश्न मात्र कुणाला आठवत नाही. याचं एक कारण मला दिसतं. ग्रीनकार्डवर मत देता येत नाही, पण देणगी देता येते. आपल्यातले कितीतरी जण मतदार होण्याआधी देणगीदार झाले आणि ती सवय लागली. नागरिकत्व आलं, तरी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आपण पुण्यात, नाशकात, सांगलीला. मतपत्रिका टपालाने मागवता येते, 40 दिवस आधी मिळू लागते. तिकीट काढतानाच तो अर्जही करून टाका.

माझे दीर वाईट माणूस नाहीत. या मंडळाच्या गणपतीत त्यांनी किती वर्षं राबून काम केलंय ते तुम्ही पाहिलंय. त्यांचं म्हणणं, आपल्या माणसांनी आपल्या माणसाला धरून राहायला हवं, इथे आपलं आहे कोण? ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. लेकीला ती कळत नाही, कारण ती इथेच जन्मली. त्या दोघांमध्ये बसून मला कुणाचीच बाजू पूर्ण घेता आली नाही.

पण एक गोष्ट मला छळते. उद्या या हॉलमधली एखादी मुलगी लॅन्सिंगला, राज्याच्या विधिमंडळासाठी, प्रायमरीत उभी राहील. तिच्याकडे कोटी डॉलर नसतील. एखाद्या गावात दार उघडणारा आधी तिचा देव विचारेल. त्या वेळी तिच्या बाजूने बोलायला मुसलमानांची मोठी वस्ती असलेल्या डिअरबॉर्नमधून कुणी येईल का? आज तरी मला छातीठोकपणे हो म्हणता येत नाही.