विहिरीत पाणी किती? सहा ओळींचा प्रोग्राम

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तरी वैशाखात विहिरी तळ गाठतात. अशा दिवसांत आगरात कुणाला विचारलं, पाणी किती आहे, तर उत्तर येतं, 'असेल दीड परस.' परस म्हणजे पुरुषभर माप. ही झाली खोली. पण लिटर किती?

सूत्र शाळेत पाठ केलेलं आहे. गोल विहीर म्हणजे वृत्तचिती: पाय (π) गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले उंची. आज हे सूत्र आपण संगणकाला सांगू या, पायथन भाषेत. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली ती पहिल्यांदा लोकांसमोर ठेवली. ती फुकट मिळते आणि मोबाइलवरही चालते. कागद-पेन्सिल जवळ घ्या.

पहिली ओळ: 'इम्पोर्ट मॅथ'. पायची नेमकी किंमत त्यात तयार असते. दुसरीत 'इनपुट' वापरून व्यास विचारायचा, तिसरीत पाण्याची खोली, दोन्ही मीटरमध्ये. इथे नवशिक्या हमखास अडतो. तुम्ही ३ लिहिलंत तरी इनपुट ते अक्षर म्हणूनच हाती देतं, आणि अक्षराला दोनाने भागता येत नाही. म्हणून इनपुटला 'फ्लोट'च्या कंसात घालायचं. मग त्याची संख्या होते. मला फार आवडणारी गोष्ट म्हणजे, पायथन ३ मध्ये व्यास, खोली, त्रिज्या ही नावं चक्क देवनागरीत देता येतात, आणि उत्तर देताना मराठी ३ टाइप केला तरी फ्लोटला तो कळतो. इंग्रजीच्या भीतीने मागे राहणाऱ्या मुलांना हे आवर्जून सांगा.

चौथी ओळ: त्रिज्या म्हणजे व्यास भागिले २. ही विसरलात तर उत्तर चौपट येईल, आणि संगणक चकार शब्द काढणार नाही. पाचवी ओळ सूत्राची. वर्गासाठी दोन फुल्या (**) लागोपाठ आणि मग २. वहीतल्या सवयीने टोपीचं चिन्ह (^) देऊ नका, पायथनमध्ये त्याचा अर्थ निराळा आहे. शेवटी हजाराने गुणायचं, कारण एक घनमीटर म्हणजे १००० लिटर. सहावी ओळ 'प्रिंट'.

आता तीन मीटर व्यास आणि दोन मीटर पाणी घालून पाहा. उत्तर येईल सुमारे १४,१३७ लिटर.

खरी मजा यापुढे आहे. पायऐवजी २२ भागिले ७ घाला: फरक जेमतेम सहा लिटरचा. आर्यभटांनी इसवी सन ४९९ च्या सुमारास दिलेली ३.१४१६ ही किंमत घेतली, तर लिटरभराचाही फरक पडत नाही. पण पाण्याची खोली पाच सेंटिमीटरने चुकली, तर साडेतीनशे लिटर इकडचे तिकडे होतात. व्यास दहा सेंटिमीटरने जास्त धरला तर साडेनऊशेहून अधिक, कारण त्रिज्येचा वर्ग होतो. वहीत हे प्रत्येक वेळी नव्याने मांडावं लागलं असतं. इथे एक आकडा बदलला की झालं. म्हणून पायच्या दशांशांवर वाद घालू नका, टेप नीट धरा. व्यास कठड्याच्या बाहेरून घेऊ नका, आतून घ्या, तोही शक्यतो पाण्याच्या पातळीशी. जांभ्यात खोदलेली विहीर खाली निमुळती होत गेलेली असते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. खोलीसाठी दोरीला दगड बांधून तळाला टेकवा आणि दोरी ताठ धरा. भिजेल तेवढी दोरी मोजायची.

हाच प्रोग्राम झऱ्याचा हिशेबही करतो. संध्याकाळी पंप बंद केल्यावर पातळीची खूण करा आणि सकाळी उपसा सुरू होण्याआधी पुन्हा पाहा. वाढलेली पातळी खोलीच्या जागी घाला. याच विहिरीत रात्रीतून वीस सेंटिमीटर पाणी चढलं असेल, तर ते साधारण १४१४ लिटर झालं. उद्या आगराला किती शिंपायचं, हे त्यावरून ठरवता येईल. मेअखेरपर्यंत आठवड्यातून एकदा हा आकडा तारखेसह वहीत लिहीत जा. नमस्कार.